गुणाजीचा घसा

बंगळुरू,
१२ जानेवारी २०२५

ती. आत्येस,
सा. न.

नोकरी लागली. हवाई दलातून निवृत्त झाल्यापासून वर्षभर मी घरी बसून काय काय केलं ते सुचित्राने तुला सांगितलंच असेल. मिक्सर सगळ्या वेगांवर फिरवून पाहिला. कुकरच्या शिट्ट्यांचा आलेख काढला. सोसायटीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते का ते तपासायला गेलो, तर ती अडकली आणि मी आतच राहिलो. बाहेर काढल्यावर बायको या नात्याने सुचित्राने नोकरीची जाहिरात माझ्यापुढे ठेवली.

काम असं आहे. विमान आपलं आपण चालवेल अशी कृत्रिम बुद्धिमत्ता इथे तयार करतायत. तिला शिकवायला एक मुरलेला चाचणी वैमानिक हवा होता. म्हणजे जन्मभर जे केलं तेच. कुणीही न उडवलेलं विमान वर न्यायचं, ते कुठे कुठे दगा देतं ते बघायचं आणि खाली येऊन लिहून काढायचं. फक्त आता हे सगळं खुर्चीत बसून. मी खोट्या कॉकपिटमध्ये दांडा हलवतो, शिष्य बघतो आणि शिकतो. शिष्य म्हणजे कॉम्प्युटरांची रांग. माझी साहेब दीपिका, माझ्या निम्म्या वयाची, आपल्या गिरगावातल्या वाडीत वाढलेली. ती मला 'सर' म्हणते आणि माझी रजा नामंजूर करते.

तेव्हा काळजी नको. निवृत्त झालो त्या दिवशी तुझ्या पायांना हात लावून सांगितलं होतं की पुन्हा जमीन सोडणार नाही, ते माझ्या लक्षात आहे. इथे डोक्यावर पंखा आणि पायाखाली लादी आहे.

शेजारच्या रखमाकाकूंना नमस्कार. गुणाजीकाकांचा घसा कसा आहे?

तुझा,
लवू

---

भोईवाडा, परळ,
२१ जानेवारी २०२५

चि. लवूस अनेक आशीर्वाद.

नोकरी लागल्याचं वाचून बरं वाटलं. मग शेवटच्या ओळीशी आले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

अरे, मी काय काल जन्माला आले? हवाई दलात होतास तेव्हा कधी काय उडवणार ते घरी सांगायची तुला बंदी होती, म्हणून आपलं ठरलं होतं. नवं विमान पहिल्यांदा वर न्यायचं असलं की तू पत्रात गुणाजीचा घसा विचारायचास. मी नारळ घेऊन गुणाजीकडे जायचे. तो चाळीच्या मारुतीपुढे तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालायचा, सगळी चाळ मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायची आणि मी तुला कळवायचे, 'घसा ठणठणीत आहे.' ते पत्र खिशात असल्याशिवाय तू नव्या विमानात पाय ठेवत नव्हतास, हे तूच मला सांगितलंयस. गुणाजीची तर अजून समजूत आहे की हवाई दल त्याच्या आवाजावर चालतं.

मग पंख्याखाली खुर्चीत बसणाऱ्या माणसाला गुणाजीचा घसा कशाला हवा? खुर्ची पहिल्यांदा उडणार आहे का?

खरं काय ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू 'सगळं ओके' म्हणतोस आणि मला पुढे काही विचारता येत नाही. घशाबद्दल मी तूर्त काही सांगणार नाही.

रखमा विचारतेय, कॉम्प्युटरला शिकवतोस तर तिच्या जावयालाही शिकवशील का.

तुझी,
आत्या

---

बंगळुरू,
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस,

हात जोडले. हवाई दलाने मला गुपितं पाळायला शिकवलं होतं, तुला लिहायला बसलो की ते शिक्षण कुठे जातं कळत नाही. खरं तर विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, म्हणून घसा पुढे केला.

एप्रिलमध्ये शिष्य खरं विमान उडवणार आहे. छोटं, दोन माणसांचं. धावपट्टीवर धावणं, वर जाणं, एक फेरी मारून उतरणं, सगळं तो करणार. नियमाप्रमाणे आत एक माणूस लागतो. त्या माणसाला काम असं नाहीच. तू बेस्टच्या बसमध्ये बसतेस तसं हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं. समोर एक लाल बटण असतं. शिष्य चुकला तर ते दाबायचं, की विमान आपल्या हातात.

दुसरा वैमानिक तयार आहे, चांगला तरुण आहे. मी नाही बसलो तरी कुणाचं अडणार नाही. पण आत्ये, शिकवलं मी आणि त्याच्या मांडीशी मांडी लावून दुसऱ्याने बसायचं, हे मला सहन होत नाहीये. आणखी एक सांगतो. नव्या विमानाची चाकं जमिनीवरून सुटतात तेव्हा पोटात एक गोळा येतो. त्या गोळ्यावर मी तीस वर्षं जगलो. या वर्षभरात तो एकदाही आला नाही. शब्द तुला दिलाय, तो तूच परत देऊ शकतेस.

शिष्य फार गुणी आहे. वाऱ्यात उतर म्हटलं, उतरतो. एक इंजिन बंद करून उतर म्हटलं, तरी उतरतो. काल गंमत म्हणून डोंगराच्या कड्यावर धावपट्टी दाखवली, तर तिथेही उतरायला निघाला. इतक्या आठवड्यांत एकदाही 'नाही' म्हणालेला नाही. असा आज्ञाधारक विद्यार्थी मला हवाई दलात मिळाला नव्हता.

तुझा,
लवू

---

भोईवाडा, परळ,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. लवूस आशीर्वाद.

नाही.

इथेच सही करणार होते, पण आंतर्देशीय पत्राची जागा वाया जाते म्हणून लिहिते. तुझी आई गेली तेव्हा तू सहावीत होतास. तेव्हापासून तू माझा. तुझ्या प्रत्येक पहिल्या उड्डाणाला मी हिंदमाताच्या दुकानात काउंटरमागे साड्या उलगडत असायचे आणि गिऱ्हाईक काय मागतंय ते मला ऐकू यायचं नाही. एकदा हळद लागलेल्या नवरीपुढे मी पांढरी साडी टाकली होती, आठवतं? शेठ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तुझ्या पोटात वर्षभर गोळा आला नाही म्हणून तुला करमत नाही. माझ्या पोटात तो तीस वर्षं होता, आता कुठे विरघळलाय.

आणि एकदाही नाही न म्हणणारा विद्यार्थी गुणी कसा, ते मला समजलं नाही. मी दुकानात बायकांना सरळ सांगायचे, हा रंग तुम्हाला शोभत नाही. शेठ डोक्याला हात लावायचा. दिवाळीला त्याच बायका मला शोधत यायच्या.

गुणाजीकडे मी सहज बोलून गेले ते चुकलंच. तो आता हट्टाला पेटलाय. म्हणतो, "इमानवाल्या लवूचा नाव-गाव माका तोंडपाठ आसा. पण ह्या नव्या झिलाचा नाव काय? मूळ गाव खंयचा? नाव-गाव नाय, तर म्हाराजा तेका खंय शोधतलो?"

शिष्याचं नाव-गाव कळव. गुणाजीला झोप लागावी म्हणून विचारतेय. माझं उत्तर पहिल्या ओळीत आहे.

आत्या

---

बंगळुरू,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस,

शिष्याला नाव नाही, नंबर आहे. गावाचं मी दीपिकाला विचारलं. ती म्हणाली, सर, त्याचा जन्म बंगळुरूचा, स्मरणशक्ती हैदराबादला ठेवलीय आणि विचार बहुधा सिंगापूरला करतो. नक्की कुठे, ते तिलाही ठाऊक नाही.

आठ एप्रिल ठरली आहे. दिल्लीहून पाहुणे येणार आहेत.

तुझं 'नाही' खिशात घेऊन हिंडतोय. आणखी एकदा विचार कर.

लवू

---

भोईवाडा, परळ,
१६ मार्च २०२५

चि. लवूस आशीर्वाद.

तुझं पत्र गुणाजीला वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. ऐकून झाल्यावर मांडीवर थाप मारून म्हणाला, "गाव एकीकडे, रवता दुसरीकडे, राबता तिसऱ्याच्याच दारात. म्हणजे चाकरमानीच मरे तो! आपल्यातलोच आसा." लगेच त्याने शिष्याचं नावही ठेवून टाकलं, बाबल. होळीच्या गाऱ्हाण्यात बाबलाचा नंबर लागला. मी म्हटलं घाला, शुभेच्छा द्यायला आपलं काय जातं.

पण होळीला जे झालं ते ऐक. अजून चाळीत दुसरा विषय नाही.

होळी पेटली, ढोल थांबले, गुणाजी नारळ घेऊन उभा राहिला. त्याला नवी कवळी बसवलीय आणि डोक्यात सगळा बाबल. त्या नादात त्याचं नेहमीचं मागणं उलटंपालटं झालं. मोठ्याने म्हणाला, "बा देवा म्हाराजा! ह्या चाळीची जी काय इडापिडा आसा, ती सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

सगळी चाळ एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

"आणि आमची जी पोरांटोरां कामाधंद्याक भायर पडली हत, तेंका साता समुद्रापलीकडे न्हेवन टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे तर पहिल्यापेक्षा जोरात. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या मुलाची अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत आहे, ते दोनदा ओरडले.

माझ्या डोळ्यांपुढे तू आलास. आधीच तुझा पाय जमिनीवर ठरत नाही, त्यात हे मागणं. मला राहवलं नाही. मी ओरडले, "नाय म्हाराजा!"

लवू, अशी शांतता मी संप झाला तेव्हाही गिरणगावात पाहिली नव्हती. रखमाने माझा दंड धरला. "गो, म्हाराजाक नाय म्हणतंस?"

"म्हाराजाक नाय, गुणाजीक म्हणतंय," मी म्हटलं. "तेणा काय मागल्यान, ता कोणी आयकलास तरी?"

कुणीच ऐकलं नव्हतं. मी एकेकाला विचारत गेले. सगळे म्हणाले, गुणाजी मागतो ते बरोबरच असतं, आपण फक्त व्हय म्हणायचं. मग काय, दुसरा नारळ आणला, गुणाजीकडून पुन्हा सगळं सुलट मागून घेतलं. आता तो माझ्याशी बोलत नाही. त्याच्या इतक्या वर्षांच्या गाऱ्हाण्यांत कुणी नाय म्हणालं नव्हतं.

माझं उत्तर बदललेलं नाही. बाबलाला आशीर्वाद सांग.

आत्या

---

बंगळुरू,
२५ मार्च २०२५

ती. आत्येस,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि इतका हसलो की दीपिका काचेच्या केबिनमधून उठून आली. तिला भाषांतर करून सांगायची गरज नव्हती, गिरगावची आहे ती. दोघंही हसलो. मग मी मध्येच थांबलो. म्हटलं, दीपिका, आपला बाबलही हेच करतोय ना?

त्याला शिकवण्यासाठी शेकडो वैमानिकांच्या उड्डाणांची रेकॉर्डिंगं वापरली आहेत, माझीही त्यात आहेत. मी विचारलं, जे वैमानिक अर्ध्यातून परत फिरले त्यांची कुठे आहेत? एखाद्याला निघायच्या आधीच काही खटकलं, 'आज नाही' म्हणून तो विमानातून उतरला, त्याचं काय? ती म्हणाली, सर, ती काढून टाकली, त्यात काम पुरं झालेलंच नाही, शिकण्यासारखं काय असणार?

आत्ये, मला पदक मिळालं ते उडवल्याबद्दल. पण आज मी तुला पत्र लिहितोय तो परत फिरलो त्या दिवसांमुळे. बाबलाने आमची फक्त 'व्हय' पाहिली. मग तो कड्यावर उतरायला निघाला तर त्याचा काय दोष? आणि मी त्याला आज्ञाधारक म्हणून शाबासकी देत होतो!

दीपिका आधी वाद घालत होती. मग म्हणाली, फेकलेली नाहीत, बाजूला ठेवली आहेत. त्या दिवसापासून तिची टीम घरी गेलेली दिसत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत बाबल नाही म्हणायला इतका शिकला की काहीच करेना. आभाळ स्वच्छ, तरी नाही. धावपट्टीच्या कडेला कावळा बसलाय, नाही. आता ताळ्यावर येतोय.

आठ तारीख तीच आहे. शेवटचं विचारतो, गुणाजीकाकांचा घसा कसा आहे?

तुझा,
लवू

---

बंगळुरू,
९ एप्रिल २०२५

ती. आत्येस,

तुझं उत्तर आलं नाही. रोज दोनदा पोस्टाची पेटी उघडत होतो, सुचित्रा म्हणाली, पेटीचीही चाचणी चालू आहे का?

आणि मी बसलो. आधी हे सांगून टाकतो, मग हवं ते बोल. आयुष्यात पहिल्यांदा खिशात तुझी ओळ नसताना पहिल्या उड्डाणाला बसलो. खिशात तुझं जुनं 'नाही' तेवढं होतं.

मांडवात दिल्लीचे पाहुणे, बंगळुरूचे पाहुणे आणि त्या सगळ्यांचे फोटो काढणारे. आदल्या दिवशी विमानाची पूजा झाली होती, नाकावर झेंडूचा हार होता. तो काढला. बाबलाने इंजिन सुरू केलं, धावपट्टीवर आला आणि धावू लागला. मी हात गुडघ्यांवर ठेवून होतो. वेग वाढला, गोळा यायला सुरुवात झाली, आणि बाबलाने ब्रेक लावले. विमान सरळ रेषेत थांबलं. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, 'आज नको.' दीपिकाने हे मराठीत घालून ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं.

कानात आमचे मोठे साहेब ओरडू लागले. पाहुणे बसलेत, बटण दाबा, तुम्ही स्वतः उडवून दाखवा, काय फरक पडतो! माझ्या डोळ्यांना सगळं व्यवस्थित दिसत होतं. वेग सांगणारे दोन काटे आहेत, त्यांच्यात एवढासा फरक होता, मी असतो तर 'होईल ठीक' म्हणून गेलो असतो. बटणाकडे बोट गेलंही होतं. मग तू आठवलीस, होळीपुढे उभी राहून ओरडणारी. मी म्हटलं, साहेब, विमान चालवणारा नाही म्हणतोय, मी त्याच्या बाजूने आहे. आणि इंजिन बंद केलं.

पाहुणे जेवायला गेले ते चेहरे पाडून. साहेब माझ्याकडे बघेनात. मेकॅनिकने सगळं तपासलं, काही सापडेना, दीपिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्याने पंखाखालची वेग मोजायची नळी काढून उलटी आपटली आणि आतून मातीची गोळी पडली. कुंभारीण माशीचं घर. पूजेच्या फोटोत लाल टोपी वाईट दिसते म्हणून कुणीतरी नळीवरची टोपी काढून ठेवली होती, तेवढ्यात तिने संसार थाटला. वर गेल्यावर नळी पुरती बंद झाली असती तर वेग खोटा दिसला असता. आणि खोटा वेग बघून उतरणं म्हणजे काय, ते तुला नको सांगायला.

साहेब आता सगळीकडे सांगत फिरतायत की आमचं यंत्र किती शहाणं आहे बघा.

मी जमीन सोडली नाही, म्हणजे शब्द मोडला नाही, असा वाद मी सुचित्राशी घातला. ती म्हणाली, हे आत्यांना लिहून बघा. पुढची तारीख तीस एप्रिल. या वेळी तुझ्या उत्तराशिवाय बसणार नाही. दीपिकाला तसं सांगून ठेवलंय, तिने चक्क मंजूर केलं.

तुझा,
लवू

---

भोईवाडा, परळ,
२० एप्रिल २०२५

चि. लवूस अनेक आशीर्वाद.

उत्तर नसताना बसलास त्याबद्दल इथे आलास की बोलेन. जेवण झाल्यावर बोलेन, आधी बोलले तर तू जेवणार नाहीस.

उत्तर का दिलं नाही ते ऐक. दोन पत्रं लिहिली होती. एक नाहीचं, एक होयचं. नाहीचं टाकायला निघाले की दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा त्या खुर्चीत दिसायचा, त्यालाही कुठेतरी आत्या असणारच. होयचं टाकायला निघाले की तू दिसायचास. दोन्ही पत्रं डब्यात घालून तांदूळ निवडत बसले. आठ तारखेला दिवसभर रखमा माझ्याजवळ बसून होती. रखमा दिवसभर गप्प, यावरून माझी काय दशा होती ते समज.

परवा तुझी साहेब येऊन गेली. रजेवर गिरगावात आलीय. (स्वतःची रजा बरी मंजूर होते तिची.) चाळीचा जिना चढून धापा टाकत म्हणाली, "आजी, सर पहिल्यापासून असेच हट्टी आहेत का?" मी म्हटलं, "आमच्यात त्याला चाचणी म्हणतात." मग तिने मोबाइलवर आठ तारखेचं सगळं दाखवलं. विमान थांबलं. काच उघडली. सगळे हात हलवत तुझ्याकडे धावतायत, आणि तू आत बसून हसतोयस. दहावीच्या निकालाला हसला होतास तसा. मी तिला ते पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी तिचा फोन संपला.

खरं सांगते लवू, मला उडण्याची भीती कधीच नव्हती. भीती याची होती की तिथे सगळे मोठे लोक, सगळे 'व्हय' म्हणणारे, आणि तूही त्यांच्यातलाच. तुझ्या वतीने नाही म्हणायला मी एकटी, तीसुद्धा इथे परळला. आता तिथे तुझ्या शेजारी बाबल बसतोय. साहेबाला, पाहुण्यांना, तुला, कुणालाही नाही म्हणतो. तो माझ्या वळणावर गेलाय.

काल गुणाजी माझ्याशी बोलला. नारळ मीच नेला होता. मारुतीपुढे सगळी चाळ जमली. चाळीने आता नवीन पद्धत ठरवलीय, गाऱ्हाण्याला एकाने बाजूला उभं राहून नीट ऐकायचं आणि चुकलं तर नाय म्हणायचं. तो मान मला दिलाय. गुणाजी म्हणाला, "बा देवा म्हाराजा, आमचो लवू आणि तेचो चाकरमानी बाबल वर जातले, तेंका दोघांकव सुखरूप जमनीर हाड रे म्हाराजा!" आणि माझ्याकडे बघून थांबला. सगळी चाळ माझ्याकडे बघत होती. मी शब्द न् शब्द मनात फिरवून पाहिला.

मग मी पहिली ओरडले. चाळ माझ्या मागून ओरडली.

तीसला सकाळी नीट खाऊन जा. नळ्यांवरच्या टोप्या स्वतः मोज. उतरल्यावर पत्र टाक, फोन करू नकोस. बरं, एवढ्या वेळेला कर.

गुणाजीचा घसा ठणठणीत आहे.

तुझी,
आत्या